केचित्

नांदेडच्या त्या महाविद्यालयात संस्कृतच्या तासाला वर्ग मिळत नसे; मिळे तो ग्रंथालयामागचा व्हरांडा. दुपारी तिथल्या बाकांवर ऊन सरके आणि ऊन आले की मुली ओढण्या डोक्यावर घेऊन वह्या मिटत. अमरनाथही मग पुस्तक मिटी. तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसाला रागावण्याचा अधिकार असतो की नसतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि विचारण्याइतका तो कुणाजवळ कधी बसला नव्हता.

त्या दिवशी मुली गेल्या तरी तो उठला नाही. मांडीवर प्रुफांचा गठ्ठा होता आणि गठ्ठ्यातल्या एका पानावर त्याचे बोट केव्हाचे थांबलेले होते.

पुस्तक सोमशर्म्याचे होते. शेकडो वर्षांपूर्वी कधीतरी या सोमशर्म्याने एका उपनिषदावर टीका लिहिली आणि तिचे नाव ठेवले ‘मृद्दीपिका’, म्हणजे मातीची पणती. थोर भाष्यकारांच्या समया तेवत असताना माझ्यासारख्याने आणखी काय लावावे, असे त्याने आरंभीच लिहून ठेवले होते. जगाने त्याचा हा विनय फारच मनावर घेतला. पणतीकडे कुणी ढुंकून पाहिले नाही.

पाहिले ते एका माणसाने. निलंग्याच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या सिद्रामप्पा गुरुजींनी. वाण्याच्या घरातला हा मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर बसायचे सोडून रूपे घोकत बसतो, म्हणून बापाने त्यांना लहानपणी पुष्कळ ऐकवले होते. पण गुरुजींच्या कपाळावरचे भस्म आणि ओठांवरची रूपे, दोन्ही कधीच पुसली गेली नाहीत. एका मठाच्या माळ्यावर, जुन्या घंटा नि फुटक्या समया यांच्या खाली, त्यांना मृद्दीपिकेची वाळवी लागलेली पोथी सापडली. तिच्या अखेरच्या श्लोकात त्यांना ती ओळ दिसली.

नीलाङ्गे वसता नित्यं मया टीकेयमीरिता.

नीलांगात सदैव राहणाऱ्या मी ही टीका सांगितली. नीलांग म्हणजे निलंगा, दुसरे काय! म्हणजे हा टीकाकार आपल्या गावचा. ज्या गावाला ऊस, तूर आणि बसस्टँडवरच्या गर्दीपलीकडे सांगण्यासारखे फार काही नव्हते, त्या गावात कधीकाळी एक माणूस बसून उपनिषदाचा अर्थ लावत होता. गुरुजींनी त्यावर एक लेख लिहिला. लिहिला तो एकच. बाकीचे आयुष्य त्यांनी त्या लेखावर काढले. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसवून त्यांनी अमरनाथला जे शिकवले, ते सगळे या एका पोथीच्या निमित्ताने. तो शिकत गेला, गुरुजींचे डोळे अधू होत गेले, आणि एके दिवशी पोथी, तिची नक्कल आणि तीस-पस्तीस वर्षांची टिपणे त्याच्या हाती देऊन ते नेहमीच्या लाडक्या कानडी हाकेने म्हणाले होते, “तम्मा, आता तू छाप. माझ्यानं होत न्हाई.”

आणि तो छापत होता. अडचण एवढीच होती की सोमशर्मा निलंग्याचा नव्हता.

धर्माबादच्या पलीकडे, तेलंगणातल्या एका संग्रहात मृद्दीपिकेची दुसरी पोथी आहे असे कळल्यावर अमरनाथ तिची छायाचित्रे घेऊन आला होता. गुरुजींच्या पोथीत मधले एक पान वाळवीने खाल्लेले होते. या पोथीत ते धडधाकट होते. त्या पानावर शिवाच्या विषप्राशनाचा उल्लेख होता आणि पुढे सोमशर्म्याने आपल्या साध्या, थकल्यासारख्या भाषेत लिहिले होते: न कण्ठमात्रं नीलं मे स्वामिनः, अङ्गमेव नीलम्। तत्रैव मे वासः। माझ्या स्वामीचा नुसता कंठ निळा नाही, अंगच निळे आहे. तिथेच माझा वास.

ते वाचले तेव्हा अमरनाथला आनंद व्हायला हवा होता. शोध लागल्याचा आनंद असतो म्हणतात. त्याला फक्त एवढेच वाटले, की कुणाच्या तरी घराची एक भिंत आपल्या हाताने पडली आहे आणि आत कुणीतरी झोपलेले आहे.

त्याने मग प्रस्तावनेत एक सावध परिच्छेद लिहिला आणि खरे ते खाली टीपेत, संस्कृतात, बारीक अक्षरांत घातले. केचित्तु नीलाङ्गं ग्राममाहुः। तन्न। ‘कित्येक जण नीलांग हे गाव मानतात. ते तसे नाही.’ जुन्या टीकाकारांची ही रीतच आहे. ज्याचे मत खोडायचे तो आदरणीय असेल तर त्याचे नाव घ्यायचे नाही. ‘केचित्’ म्हणायचे, कित्येक. खोडणेही होते आणि मानही राहतो. गुरूचे नाव घेऊन पुढे ‘तन्न’ लिहिण्याइतकी अमरनाथच्या लेखणीची छाती नव्हती. ‘केचित्’ हा शब्द त्याला सापडला तेव्हा उन्हात सावली सापडावी तसे झाले होते.

तरी बोट त्याच शब्दावर थांबलेले होते.

फोन वाजला. लातूरचे संगमेश होते. दाळमिलचे मालक, मूळचे निलंग्याचे, गुरुजींचे जुने विद्यार्थी. फोनमागून मिलची घरघर ऐकू येत होती.

“सर, निलंग्याच्या वेशीवरची कमान उभी ऱ्हायली! रंग तेवढा बाकी हाय. ‘निलंग्याचे थोर सुपुत्र टीकाकार सोमशर्मा प्रवेशद्वार’. कसं वाटतंय?”

“चांगलं आहे,” अमरनाथ म्हणाला. नाही म्हणायची त्याला कधीच सवय नव्हती.

“उद्घाटनाला तुमचं पुस्तक पायजे. गुरुजींच्या मांडीवर पुस्तक, गुरुजी खुर्चीत, वर कमान. असा फोटो काढू की बास!”

“पुस्तकात थोडं... एका मुद्द्यावर बदल आहे.”

“असू द्या की हो! पुस्तक कोन वाचून राहिलंय, सर? वाईट वाटून घेऊ नका. आमी फक्त फोटो बगनार.” संगमेश मोकळेपणाने हसले. “हे बगा, गुरुजींच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. झटका आल्यापास्नं मानूस निम्मा झालाय. एवढी इज्जत तरी त्यांना बगू द्या.”

फोन ठेवल्यावर अमरनाथच्या लक्षात आले, की संगमेशांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. या पुस्तकाचा जगात एकच वाचक होता. त्याला दिसत नव्हते. पण तो प्रत्येक ओळ वाचून घेणार होता.

*

शनिवारी सकाळच्या एसटीने तो लातूरला, मुलीकडे राहणाऱ्या गुरुजींना प्रुफे वाचून दाखवायला निघाला. लोह्यापर्यंत उभा, पुढे खिडकीशी. रस्त्याकडेची तूर वाळून तिच्या शेंगा खुळखुळायला लागल्या होत्या आणि बसच्या काचाही तशाच खुळखुळत होत्या. पिशवीतला गठ्ठा त्याने मांडीवर घट्ट धरला होता, शाळेतून प्रगतिपुस्तक घरी नेणाऱ्या नापास मुलासारखा.

त्याला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. तो दहावीत असताना गुरुजींनी पुण्याहून आलेले एक जाड पुस्तक त्याला दाखवले होते. कुणा मोठ्या विद्वानाचे होते ते. त्यात एका तळटीपेत एक वाक्य होते: ‘काही स्थानिक अभ्यासकांच्या मते हा टीकाकार निलंगा येथील असावा.’ गुरुजींनी त्या वाक्यावर बोट ठेवले होते. “पुण्यापर्यंत गेलं बग आपलं म्हननं,” ते म्हणाले होते. अमरनाथला तेव्हा फार अभिमान वाटला होता. बोट त्या ओळीवरून पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे का फिरत राहिले, ते काय शोधत होते, हे विचारण्याचे त्याचे वय नव्हते.

अहमदपूरला बस बराच वेळ थांबली. तिथे त्याने ठरवले: आज सांगायचे नाही. कमानीचा सोहळा होऊन जाऊ दे. परिच्छेद वाचताना तेवढा भाग गाळायचा. ठरवल्यावर हलके वाटायला हवे होते; त्याला नुसते जड झोपेसारखे वाटले.

लातुरात महादेवीअक्कांचे घर शिकवण्यांच्या वस्तीत होते. गुरुजींची ही एकुलती मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींची खानावळ चालवत असे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या फलकांवर पहिल्या आलेल्यांचे चेहरे हसत होते, आणि त्यांच्याखालून न हसणारी मुले पाठीला ओझी लावून चालली होती. अक्कांच्या दारात चपलांचा ढीग, आत वरणाच्या फोडणीचा वास आणि डब्यांचा खणखणाट.

“ये रे, ये,” अक्का कढईतून मान वर न करता म्हणाल्या. “आप्पा सकाळधरनं इचारून राहिलेत. ‘आला का? एसटी लागली का? का पुन्हा नांदेडातच झोपला?’ मला तर बेजार केलं. जेवतोस का आदी?”

“नंतर जेवतो, अक्का.”

“नंतर न्हाई. नंतर ही टोळी वरन संपवती.” एका मुलाच्या ताटात भाकरी टाकून त्यांनी पदराला हात पुसले आणि त्याच्या तोंडाकडे पाहिले. “काय झालंय?”

अमरनाथने इकडेतिकडे पाहिले आणि हळू आवाजात, अडखळत सांगितले. पान सापडले ते, निळ्या अंगाचे, टीपेतल्या ‘केचित्’चे.

अक्कांनी कढईखालची आच बारीक केली. मग कडेच्या स्टुलावर बसल्या.

“म्हंजे त्यो बाबा आपला न्हाईच?”

“कुठला होता ते ठाऊक नाही. निलंग्याचा होता असं म्हणता येत नाही.”

“तम्मा, मी तुझ्या पाया पडते. आत्ताच नको सांगू. आईच्या मरनात बी आप्पा त्या पोथीपाशी बसले व्हते. मी लई भांडले त्यांच्याशी त्या पोथीवरनं. आता तेवढंच ऱ्हायलंय त्यांना.” त्यांचा आवाज भाजीच्या वाफेसारखा वर गेला नि विरला. “कमान व्हऊ दे. मग तुझं तू काय ते सांग.”

“मीही तेच ठरवलं आहे,” तो म्हणाला.

*

गुरुजी आतल्या खोलीत खाटेवर टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. गळ्यातले लिंग सदऱ्याच्या वर आले होते. भस्माचे पट्टे वाकडे होते. ते आता डाव्या हाताने लावत असत आणि अक्कांना लावू देत नसत.

“शरणार्थी, गुरुजी,” त्यांच्या रीतीप्रमाणे हात जोडून तो म्हणाला.

“शरणार्थी. कोन, नांदेडचं विद्यापीठ का?” त्यांची जीभ जड झाली होती, शब्द पायरी-पायरीने उतरत, पण टोमण्याला पायऱ्या लागत नव्हत्या. “पोरं किती हायत वर्गात?”

“आहेत थोडी.”

“थोडी म्हंजे द्विवचन का बहुवचन?”

“बहुवचन. पण ऊन आलं की द्विवचन होतं.”

गुरुजी खांदे हलवून हसले. तोंडाची एकच बाजू हसली. तेवढ्यात संगमेश आले, हातात पेढ्यांचा पुडा आणि अंगावर दाळीच्या पिवळट धुळीचा थर घेऊन. ते वाकून पाया पडले तसे गुरुजींचा डावा हात हवेत चाचपडत त्यांच्या कानापाशी गेला.

“हा कान वळखतो मी. देव शब्द चालीव.”

“देवः देवौ देवाः,” संगमेश घाईने म्हणाले.

“पुढं?”

“पुढं तुमी कान पिळला व्हता, गुरुजी. तितंच थांबलंय माझं संस्कृत.” बाहेर जेवणारी मुलेसुद्धा हसली. संगमेशांनी मग कमानीचे सगळे वर्णन केले. रंग कुठला, दिवे कसे, पाहुणे कोण. गुरुजी मान किंचित तिरपी करून ऐकत होते. ‘थोर सुपुत्र’ हे शब्द आले तेव्हा त्यांचा चेहरा अमरनाथला पाहवला नाही. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत राहिला. संगमेश जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तेवढं पुस्तक टायमात आना, सर!” आणि धुळीचे बोट त्याच्या सदऱ्यावर ठेवून गेले.

खानावळीतली गर्दी ओसरली. अक्का दाराच्या चौकटीला टेकून डबे पुसत उभ्या राहिल्या.

“वाच,” गुरुजी म्हणाले.

त्याने वाचायला सुरुवात केली. प्रस्तावना त्याने जपून, सावकाश वाचली; पोथ्यांची वर्णने, लिपी, पाठभेद. गुरुजी डोळे मिटून ऐकत. मध्येच “हां” म्हणत, मध्येच एखादा ऱ्हस्वदीर्घ आवाजावरूनच पकडत. अमरनाथला पुन्हा तो ओट्यावरचा मुलगा झाल्यासारखे वाटू लागले, आणि त्या वाटण्याच्या भरात तो परिच्छेद आला. तो क्षणभर थबकला. डोळ्यांनी तीन ओळी ओलांडल्या आणि पुढचे वाचू लागला:

“तथापि त्याची भाषा आणि उपमा पाहता तो गोदावरीच्या दक्षिणेस वावरला असावा, असे मानण्यास जागा आहे. त्याच्या उपमांमध्ये...”

“थांब.”

तो थांबला.

“ ‘तथापि’ एकटं येत न्हाई, तम्मा,” गुरुजी डोळे न उघडता म्हणाले. “त्याच्या आदी ‘यद्यपि’ आसतं. ते कुटं सोडलंस? अहमदपूरला?”

दारातल्या डब्यांचा आवाज बंद झाला. काहीतरी सांगावे म्हणून अमरनाथने तोंड उघडले, पण जन्मात कधी खोटे नीट बोलता न आलेल्या माणसाला ऐन वेळी ते कुठून येणार?

“आप्पा, त्याला जेवू तरी द्या,” अक्का म्हणाल्या. “सकाळधरनं उपाशी हाय पोरगं.”

“उपाशी मानूस ‘यद्यपि’ खात न्हाई. वाच, अमरनाथ.”

त्याने वाचले. “यद्यपि अखेरच्या श्लोकातील नीलाङ्ग या शब्दावरून टीकाकाराचे वास्तव्य निश्चित करता येत नाही...” आवाज स्वतःलाच परका वाटत होता. “इथे टीप आहे.”

“टीप वाच.”

“केचित्तु नीलाङ्गं ग्राममाहुः। तन्न।”

पंख्याची पाती एका लयीत करकरत होती. बाहेर कुणीतरी हात धुतले, नळ बंद केला. गुरुजींचा डावा हात उठला आणि मांडीवरच्या उजव्या हातावर जाऊन बसला, आजारी माणसाच्या अंगावर कुणी हात ठेवावा तसा.

“कारन?” ते म्हणाले.

अमरनाथने दुसऱ्या पोथीचे सांगितले. ती पंक्ती म्हटली. गुरुजींनी ती पुन्हा म्हणायला लावली, मग तिसऱ्यांदा; ओठ हलवत त्यांनी ती जणू चाखून पाहिली.

“अङ्गमेव नीलम्,” ते पुटपुटले. “अंगच निळं. काय लिव्हलंय रे. काय लिव्हलंय.” मग म्हणाले, “माझ्या पोथीत नेमकं हेच पान...”

“वाळवीनं खाल्लं होतं.”

“वाळवी लई शहानी. तिला कळलं, ह्या मास्तरला हे पान दाखवू नगं. जगाय काय तरी लागंल त्याला.” तोंडाची एक बाजू हलली, ते हसू होते की नव्हते, कळेना. “आनि ते ‘नित्यं’. ते मला सलायचंच. मी म्हनायचो, छंद भराय घातलं आसंल. निलंग्यात नित्य कोन ऱ्हातंय? ज्याला त्याला लातूरला यायचंय. मी बी आलोच की.”

अक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. अमरनाथला उठून गुरुजींचे पाय धरावेत असे वाटले. पण लाजऱ्या माणसाचे वाटणे हातापर्यंत पोचायला नेहमी उशीर होतो.

“गुरुजी, तुम्ही म्हणाल तर टीप काढतो. कमान झाली की दुसऱ्या आवृत्तीत...”

“दुसरी आवृत्ती?” गुरुजींनी डोळे उघडले. दुधाळ झालेली ती बुबुळे बरोबर त्याच्या तोंडावर येऊन थांबली. “पहिलीच वाचायला मी एकटा हाय. टीप काढायची न्हाई. खरं हाय ते. पन मला एक सांग.” ते थांबले. श्वास गोळा केला. “केचित् कोन?”

“म्हणजे...”

“हे ‘कित्येक’ कोन हायत? कित्येकांनी म्हनलंय का, नीलांग हे गाव हाय म्हनून? नावं सांग त्यांची.”

“तुम्ही एकट्यांनीच म्हटलं आहे,” अमरनाथ खालच्या आवाजात म्हणाला. “पण रीत आहे ना, गुरुजी. गुरूचं मत खोडताना नाव घेत नाहीत. तुम्हीच शिकवलंत. मानासाठी...”

“त्या पुन्याच्या मानसानं लिव्हलं, ‘काही स्थानिक अभ्यासक’. आठवतं? मी तुला दाखवलं व्हतं. त्या पुस्तकात मागं नावांची सूची व्हती. मी ती पयल्या पानापासनं वाचली. सि, सिद्... न्हाई. तो परका व्हता. त्याला काय ठावं, हितं कोन बसलंय ते.” शब्द आता पायऱ्या सोडून घसरत होते. “तू ओट्यावर माझ्या म्होरं बसला व्हतास. तू बी ‘केचित्’च लिव्हलंस?”

अमरनाथने मान खाली घातली. बसमध्ये आठवलेले ते बोट त्याला पुन्हा दिसले, त्या ओळीवर पुढे-मागे फिरणारे. ते बोट एक नाव शोधत होते. तेव्हाही नव्हते आणि आता, त्याच्याच हाताने, पुन्हा नव्हते. सावली म्हणून ज्या शब्दाखाली तो बसला होता, त्याच शब्दाखाली त्याने एक अख्खा माणूस झाकून टाकला होता.

“थोर मानसं ‘केचित्’ म्हनतात ते ठीक हाय,” गुरुजी जरा सावरून म्हणाले. “त्यांच्या केचित्ची नावं समद्यांला ठावं आसतात. माझं कुनाला ठावं हाय? खोडायचं तर नाव घेऊन खोड. चुकलं त्याला बी नाव आसतं.”

अक्का दारात परत आल्या होत्या. “आनि कमान, आप्पा?” त्यांनी भीत भीत विचारले.

“कमान ऱ्हाऊ दे. सोमशर्मा कुटला का आसंना, आपल्या दारावर त्याचं नाव आसलं तर काय बिघडत न्हाई. त्यातलं ‘निलंग्याचे थोर सुपुत्र’ तेवढं गाळाय लावतो. सुपुत्र कशाचा, अजून रंग बी दिला न्हाई त्याला. संगमेश आला की मीच सांगंन. त्याचा कान अजून माझ्या हातात हाय. डाव्या.”

“आनि त्यो फोटो? खुर्चीत बसवनार म्हनतोय तुमाला.”

“बसू की. पुस्तक मांडीवर घिऊन. त्यात माझं नाव आसंल तर बसंन.” ते अमरनाथकडे वळले. “पेन हाय का?”

पेन होते. प्रुफाच्या पानावर ‘केचित्तु’वर त्याने एक आडवी रेघ मारली. समासात लिहायला त्याला बराच वेळ लागला. अक्षरे बारीक येत होती, आणि त्याला ती मोठी हवी होती.

“वाच.”

“सिद्रामप्पाख्या अस्मद्गुरवस्तु नीलाङ्गं ग्राममाहुः।” सिद्रामप्पा नावाचे आमचे गुरुजी मात्र नीलांग हे गाव मानतात.

गुरुजींची मान अगदी हळू हलली. “गुरवः. बहुवचन.”

“आदरार्थी.”

“केचित् बी बहुवचनच व्हतं. पन ते गर्दीचं.” मग म्हणाले, “पुडं वाच. आजून एक शब्द हाय.”

तो शब्द अमरनाथला दिसत होता. कित्येक वेळा कित्येक पोथ्यांत वाचलेला, दोन अक्षरांचा. आजवर तो कधी कुणाच्या तोंडावर म्हणावा लागला नव्हता. त्याने खिडकीबाहेर पाहिले. रस्त्यावरून मुले दुपारच्या शिकवणीला निघाली होती, कुणाच्या ना कुणाच्या तरी इच्छेचे ओझे पाठीवर घेऊन. खोलीत पंखा करकरत होता. गुरुजी वाट पाहत होते, ओट्यावर पाहायचे तशी, घाई न करता.

“तन्न,” तो म्हणाला.

“ऐकू आलं न्हाई.”

“तन्न.”

“हां.” गुरुजींनी डोके मागे, भिंतीला टेकवले आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर वेदना होती, आणि तिच्याखाली, दमून घरी आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा, एक सैलपणा. “ ‘तन्न’ म्हनून थांबायचं नसतं, तम्मा. कारन सांग. मोठ्यानं सांग, म्हादेवीला बी ऐकू दे. किती वरसं भांडली ती त्या पोथीशी.”

अक्का आत आल्या, डबा हातातच ठेवून खाटेच्या कडेला बसल्या. अमरनाथने पान उलटले. आणि सोमशर्म्याने जिथे आपला पत्ता लिहून ठेवला होता तिथून तो वाचू लागला.